प्रयोगशाळेतली नखं, देव्हाऱ्यातली नखं

जबलपूरला जाऊन भेडाघाट न बघता परत आले, हे सांगितलं की आमच्या दवाखान्यातले लोक माझ्याकडे दयेनं बघतात. संगमरवराचे कडे नाही बघितले? धुवाँधार धबधबा नाही? नावेत नाही बसलात? मग एवढे दिवस तिथे केलं तरी काय मॅडम? मी सांगते, वाघाच्या केसाला नेलपॉलिश लावलं. ते हसतात. पण मी खोटं सांगत नाही. रंगहीन नेलपॉलिशच्या थरावर केस दाबून ठेवायचा, वाळला की उचलायचा. केसावरच्या खवल्यांचा ठसा मागे उरतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो ठसा बघून केस वाघाचा की कुत्र्याचा ते ओळखायला मदत होते. हे शिकायला मला शासनानं परराज्यात पाठवलं होतं.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका तालुक्यात पशुधन विकास अधिकारी आहे. काम गाई-म्हशींचं, शेळ्यांचं. पण जंगल लागून असल्यामुळे बिबट्या मेला, चितळ मेलं, की वनखात्याची जीप माझ्या दारात उभी राहते आणि मी एखाद्या मोहाच्या झाडाखाली ताडपत्री पसरून शवविच्छेदन करते. ते नीट करता यावं, पुरावा कसा उचलावा, कसा बांधावा हे कळावं म्हणून हे प्रशिक्षण. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. बाबा राइस मिलमध्ये पोती वाहायचे. शाळेतल्या बाई घरी येऊन बसल्या नसत्या, तर मी दहावीनंतर कुठे असते ते सांगता येत नाही. त्यामुळे ज्यांनी ज्यांनी मला जबलपूरला पाठवलं त्यांचे आभार इथे सुरुवातीलाच मानून घेते. पुढे जे लिहिणार आहे त्यात आभारापेक्षा हेवा जास्त आहे.

विजय नगर

हेवा स्टेशनवरच सुरू झाला. प्रतिभा मला घ्यायला आली होती. आम्ही दोघी एकाच जिल्हा परिषद शाळेतल्या, एकाच बाकावरच्या. तिचे वडील पोस्टमन. नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालयातही आम्ही एका खोलीत राहिलो. पदवीनंतर घरी पगार हवा होता म्हणून मी नोकरी धरली, आणि ती जबलपूरला वन्यजीवांच्या विषयात पुढे शिकायला गेली. तिथेच तिला प्रयोगशाळेत नोकरी लागली, तिथेच लग्न झालं. आता ती तिथली तज्ज्ञ आहे. कोर्टात तिची साक्ष होते. मला शिकवणाऱ्यांत तिचं नाव होतं.

"वाळून गेलीस गं," ती म्हणाली. मी म्हटलं, "तू नाही वाळलीस." ती हसली. मी हसण्यासाठी म्हटलं नव्हतं.

वसतिगृहात उतरू न देता तिनं मला विजय नगरच्या घरी नेलं. रुंद रस्ते, खाली दुकानं, वर घरं, आणि तिच्या घरापुढे पारिजातक. दारात तिच्या सासूबाई उभ्या होत्या. मी त्यांना काकू म्हणू लागले. त्यांच्या सासरचे लोक भोसल्यांच्या चाकरीत इकडे आले आणि इकडचेच झाले. घरात मराठी, पण दर दुसऱ्या वाक्याला हिंदी येऊन बसते.

"अगं, तू काहून उभी राहून गेली? बस ना! चलो, आधी चहा. गोंदियाची म्हणते ना तू? म्हणजे आधी आपण एकाच राज्यातले. मग तुम्ही गेले महाराष्ट्रात."

"आम्ही कुठे गेलो काकू? आम्ही तिथेच होतो. सीमा सरकली."

"ते जाऊ दे. नागपूरचं हायकोर्ट आलं की नाही आमच्या जबलपूरला?" हे हायकोर्ट त्यांनी स्वतः डोक्यावरून आणल्यासारखं त्या सांगत होत्या. "तुमच्याकडे संत्री राहिली. चांगलं आहे, संत्रंही चांगलं असते."

प्रतिभाचे यजमान मुकुंदराव कॉलेजात शिकवतात. आठवीतली मुलगी ईशा मराठी सगळं समजते, उत्तर हिंदीत देते. "मावशी, आप सच में गाय के पेट में हाथ डालती हो?" तिनं विचारलं. मी हो म्हटल्यावर तिनं ताट अर्धा फूट लांब सरकवलं.

मटाराचे दिवस होते. जबलपुरात या दिवसांत मटार नाही असा पदार्थ नाही. पोह्यांत मटार, भातात मटार, पराठ्यात मटार. आमच्याकडे पोह्यांवर झणझणीत रश्श्याची तर्री हवी. तिथे पोह्यांशेजारी जिलबी. एका घासाला तिखट, एका घासाला गोड. मला ते पटलं नाही, पण मी दोनदा घेतलं.

जेवणानंतर काकूंनी मला देवघरात नेलं. देव्हाऱ्याच्या खणातून लाल मखमलीची पिशवी काढली. आत सोन्याच्या कोंदणात बसवलेली दोन वाघनखं, टोकाला टोक मिळवलेली, मधे छोटा माणिक. लहान मुलांच्या गळ्यात बांधायचा ताईत.

"आमच्या आजेसासऱ्यांच्या वडिलांनी कुंडमच्या जंगलात मारला वाघ. भाल्यानं. बंदूक नाही बरं! या घरात जन्मलेलं एकेक लेकरू हे घालून मोठं झालं. म्हणून आमच्यात कोणी घाबरत नाही. आता रविवारी वृंदाच्या पोरीचं बारसं, तिला घालू." वृंदा म्हणजे प्रतिभाची नणंद.

आमच्या घरात आजोबांच्या वडिलांचं नावही कुणाला ठाऊक नाही. इथे त्यांचा भालासुद्धा ठाऊक होता.

प्रतिभाला काही विचारायला मी वळले, तर ती तिथे नव्हती. काकूंनी पिशवी काढली तेव्हा ती माझ्या बाजूला उभी होती. आता स्वयंपाकघरातून भांडी घासल्याचा आवाज येत होता. भांडी घासायला बाई येते, हे मला सकाळीच कळलं होतं.

प्रयोगशाळा

आमच्या दवाखान्यात एक फ्रिज आहे. त्यात लस असते, आणि उन्हाळ्यात परिचराचं दह्याचं पातेलं. लाइट गेली की मी लस थर्मासमध्ये घालून सरपंचांच्या घरी नेते, कारण त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे.

जबलपूरच्या प्रयोगशाळेत उणे ऐंशी अंशांचे फ्रीजर भिंतीला टेकून उभे होते, कपाटांसारखे. "लाइट गेली तर?" मी विचारलं. "जनरेटर आपणहून सुरू होतो," प्रतिभा म्हणाली. मी त्या फ्रीजरवर हात ठेवला. तो हळू हळू गुरगुरत होता. असा एक मला द्या, मी दुसरं काही मागणार नाही, असं मनात आलं. पुढच्या खोलीत गेल्यावर आणखी मागावंसं वाटलं.

दारात औषधाच्या पाण्यात भिजवलेली चटई होती, पाय पुसल्याशिवाय आत पाऊल नाही. शवविच्छेदनाची खोली पांढऱ्या फरशांची, उतार असलेलं स्टीलचं टेबल, वर दिवा. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. मला ताडपत्री आठवत होती, आणि वारा सुटला की चारी कोपऱ्यांवर दगड ठेवणारे वनरक्षक. डीएनएच्या प्रती काढणारं यंत्र मिक्सरएवढं दिसतं आणि रक्ताच्या एका डागावरून प्राणी कोणता ते सांगायला मदत करतं. नमुन्यांच्या खोलीत खणाखणांतून वाघ, बिबट, अस्वल, सांबर, नीलगाय, खवल्यामांजर यांचे केस, दात, नखं, खवले, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. एका खणात जप्त केलेले रंगाचे कुंचले होते, मुंगसाच्या केसांचे. शाळेत असे कुंचले मी पैसे जमवून घेतले होते. मुंगसाचे होते हे तेव्हा कुणाला माहीत!

प्रतिभाच्या पांढऱ्या कोटावर निळ्या दोऱ्यानं तिचं नाव भरलेलं होतं. मला शिकाऊंचा कोट मिळाला. त्याच्या खिशात आधीच्या कुणाचं तरी पेन फुटलेलं होतं.

त्यांची कामाची पद्धत मात्र मला मनापासून आवडली. नमुना येतो तो लाखेचं सील लावून, आणि आत आला की त्याला फक्त नंबर. कुणाकडे सापडला, कोणत्या गावात, ते तपासणाऱ्याला सांगत नाहीत. एकच नमुना दोघं वेगवेगळे बघतात आणि निष्कर्ष लिहून होईपर्यंत एकमेकांशी बोलत नाहीत. शिवाय आपल्या माणसाचा संबंध असेल तर त्या नमुन्याला हात लावायचा नाही. आमचे मुख्य प्रशिक्षक पहिल्या दिवशी म्हणाले, "यहाँ 'लगता है' नहीं चलेगा. है, या नहीं है, या पता नहीं. बस."

शनिवारी त्यांनी आमच्यापुढे नखांचा ट्रे ठेवला. खरी आणि बनावट मिसळलेली. वाघाच्या नखाला मोल असतं म्हणून जत्रांत बनावट नखं विकतात. शिंग किंवा खूर कापून, घासून, तेल लावून केलेली. खरं नख मुळाशी पोकळ असतं, बोटाचं हाड त्या पोकळीत बसतं, आणि बऱ्याचदा ते हाड आत तसंच असतं. बनावट नख भरीव. वरून फसायला होतं.

मी सगळी बरोबर लावली, आणि पटापट. वर्षानुवर्षं मी जनावरांचे वाढलेले खूर कापत आले आहे. कापलेल्या खुरावरच्या बारीक समांतर रेघा माझ्या बोटांना डोळे मिटून कळतात.

"मॅडम तो पुरानी खिलाड़ी निकलीं!" सर म्हणाले.

मला इतका आनंद झाला की कान तापले. तेवढ्यात प्रतिभानं टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांना सांगितलं, "मेरी बचपन की सहेली है!" आणि सगळे तिच्याकडे बघून कौतुकानं हसले.

पनागर

रविवारी सकाळी बारशासाठी मटार आणायला प्रतिभा मला स्कूटरवर पनागरला घेऊन गेली. मटार शहरातही मिळतो, पण काकूंना पनागरचाच हवा होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाजीचे मळे, धुकं अजून वाफ्यांवर पसरलेलं, आणि बाजारात मटाराच्या गोण्यांच्या रांगा. बायका शेंग दातांनी फोडून गोडी बघत होत्या आणि पसंत पडली नाही तर दुकानदाराच्याच पुढ्यात टाकत होत्या.

परत येताना तिनं मातीच्या कुलडीतून चहा देणाऱ्या एका टपरीशी स्कूटर थांबवली.

"रंजू, मंगळवारी माझी साक्ष आहे."

"माहीत आहे. आम्हा सगळ्यांना बघायला नेणार आहेत ना."

"कुंडमकडचा माणूस आहे. त्याच्या मुलीच्या गळ्यात दोन नखं सापडली. आजीच्या वेळची आहेत म्हणतो. माझ्याकडे नुसता नंबर आला होता. मी तपासलं, लिहिलं, वाघ. खरीच होती. आता कोर्टात तेच सांगायचं."

"मग सांग. तुझं कामच आहे."

ती कुलडी हातात फिरवत राहिली. "आणि वकिलानं विचारलं, मॅडम, आपके घर में नहीं है क्या? तर?"

आता मला त्या रात्रीची भांडी समजली. "तू पाहिलंस का ते नीट?"

"लग्न झाल्यापासून हात लावला नाही. ईशाच्या गळ्यात होतं तेव्हाही आईच घालायच्या, आईच काढायच्या, मी नजर टाळायची. पिशवी निघाली की मी स्वयंपाकघरात जाते. पाहिलं तर मला कळेल ना! पुस्तकातली नखं मी झोपेत ओळखते. कळलं की कळवावं लागेल. वन्यजीवांचा कायदा आला तेव्हा ज्यांच्याकडे असलं काही होतं त्यांनी सरकारला कळवायचं होतं. आमच्यांनी नाही कळवलं. आईंना वाटतं, आपल्या वाघाचं सरकारला काय सांगायचं? आता खरं निघालं तर आईंवर केस, नाहीतर माझी नोकरी. आणि नाही कळवलं, तर त्या माणसाला मी कोणत्या तोंडानं..." तिनं कुलडी खाली ठेवली. "लॅबमध्ये नेता येत नाही, घरचं आहे. तू पाह. तुला येतं. आणि 'वाटतं' म्हणू नकोस."

मी हो म्हटलं. स्कूटरवर मागे मटाराची पिशवी मांडीवर घेऊन बसले. थंडीनं डोळ्यांत पाणी येत होतं. आणि खरं सांगायचं तर मला आतून बरं वाटत होतं. या बाईजवळ फ्रीजर होते, जनरेटर होता, कोटावर नाव होतं, भाल्यानं वाघ मारणारे पूर्वज होते. पहिल्यांदाच तिच्याजवळ असं काहीतरी निघालं होतं जे मला नको होतं.

बारसं

आमच्याकडे बारशाला हरभऱ्याच्या घुगऱ्या वाटतात. इथे घुगऱ्याही मटाराच्या. पुरणपोळीशेजारी खव्याची जिलबी, काळपट, जाड, एक खाल्ली की दुपार झोपेत जावी अशी. शेजारच्या बायका आल्या, त्यांनी ढोलक घेतला आणि मराठी पाळणा संपायच्या आधीच हिंदी सोहर, म्हणजे बाळजन्माचं गाणं, सुरू केलं. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. बाळाचं नाव रेवा ठेवलं. नर्मदेच्या काठी ते नाव शोभतं.

काकूंनी ताईत बाळाच्या गळ्यात घातला आणि वरून झबलं ओढून घेतलं. "आजकाल लोक विचारतात," त्या मला हळूच म्हणाल्या. म्हणजे त्यांनाही माहीत होतं.

प्रतिभा स्वयंपाकघरात होती.

पाहुणे गेल्यावर वृंदाताईंनी बाळाचे कपडे बदलायला घेतले. रेवानं मूठ आवळून ताईत असा ओढला की एक नख कोंदणात डुगडुगायला लागलं. कोंदणात भरलेली लाख जुनी होऊन सुटली होती.

"रंजना, तू डॉक्टर ना? धर बरं जरा. निघून पडलं तर? उद्या सोनाराकडे पाठवते," काकू म्हणाल्या.

मी खिडकीजवळ उजेडात गेले. नख दोन बोटांत धरलं. काकूंकडे बघितलं. त्यांनी मान डोलावली. मी हलकेच ओढलं, आणि नख कोंदणातून सुटून माझ्या हातात आलं.

ते उलटं करायच्या आधीचा एक क्षण मला नीट आठवतो. त्या क्षणी मला पोकळी हवी होती. आत पिवळट हाड हवं होतं. म्हणजे खरी नखं.

मूळ भरीव होतं. कानशीच्या रेघा होत्या, आणि त्यांच्याखाली त्या माझ्या ओळखीच्या बारीक समांतर रेघा. दुसरं नख बॅटरीसमोर धरलं, त्यातूनही उजेड सारखा आरपार आला, मधे हाडाची सावली नाही. मला पहिल्यांदा जे वाटलं ती निराशा होती.

"काय बघून राहिली इतकं?"

"काकू, ही नखं वाघाची नाहीत."

स्वयंपाकघरातलं पाणी बंद झालं.

"वाघाची नाही म्हणजे? बिबट्याची?"

"खूर आहे. घासून केलेला. म्हशीचा."

"म्हशीचा?" काकू मटकन पाटावर बसल्या. "म्हणजे यमाच्या वाहनाचा खूर! आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या लेकरांच्या गळ्यात..."

"मतलब आजी, अपनी फॅमिली टायगरवाली नहीं, भैंसवाली है?" ईशानं विचारलं. मुकुंदरावांना हसू आवरेना. ते बाहेर गेले आणि अंगणातून हसू ऐकू आलं.

प्रतिभा दारात उभी होती, हात ओले. "नक्की?" ती म्हणाली.

"आहे," मी म्हटलं. "म्हशीचा खूर आहे."

ती आली आणि नख माझ्या हातून घेतलं. पहिल्यांदाच. उलटं केलं, उजेडात धरलं, आणि तिथेच भिंतीला टेकून हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग तिनं मला मिठी मारली. त्या रात्री ती बऱ्याच दिवसांनी जेवली असावी. दोनदा भात घेतला. मी एकदाच घेतला.

कोर्ट

मंगळवारी आम्ही शिकाऊ लोक मागच्या बाकांवर बसलो. प्रतिभा साक्षीला उभी राहिली. नंबर कसा मिळाला, सील कसं होतं, नख कसं तपासलं, सगळं तिनं एकेक करून सांगितलं. आवाज शांत. कुंडमचा तो माणूस बाजूला उभा होता, इस्त्री केलेल्या शर्टाची घडी अजून मोडली नव्हती. तो तिच्याकडे बघत होता, जशी आमच्याकडची माणसं डॉक्टरकडे बघतात तसा.

त्याच्या वकिलानं खरंच विचारलं. "मॅडम, इतने पुराने परिवार से हैं आप. आपके घर में भी तो होंगे बाघ के नाखून?"

"जी नहीं," प्रतिभा म्हणाली. एवढंच. तो 'जी नहीं' इतका स्वच्छ होता की वकील पुढच्या प्रश्नाकडे वळला.

नख किती जुनं असेल, असं त्यानं विचारलं. वय तपासणीत सांगता येत नाही, ती म्हणाली; पण न विचारता पुढे म्हणाली की दोऱ्यासाठी पाडलेलं भोक बऱ्याच वापरानं झिजून मोठं झालं होतं आणि कडा गुळगुळीत होत्या. वकिलानं ते लगेच लिहून घ्यायला लावलं. निकाल त्या दिवशी लागला नाही.

मी पाणी प्यायला व्हरांड्यात आले. तिथे त्या माणसाची बायको भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर मुलगी. मुलीच्या गळ्यात काळा दोरा होता, रिकामा.

"क्या बोलीं मैडम अंदर?" तिनं मला विचारलं.

"बोलीं कि नाखून असली थे," मी म्हटलं.

तिनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "असली तो थे ही, दीदी. सास ने बाँधे थे. अपनी बच्ची को नकली काहे बाँधेंगे?"

मी तिला काय सांगणार होते? विजय नगरच्या घरात खूर निघाला म्हणून तिथे कुणाला कोर्टाची पायरी चढावी लागली नाही, आणि तुझ्या सासूनं खरी वस्तू बांधली म्हणून तू इथे बसली आहेस? मी बाटलीतलं पाणी तिच्या मुलीला दिलं आणि आत गेले.

परत जाताना स्कूटरवर प्रतिभा एका सिग्नलला म्हणाली, "तो माणूस सुटायला पाहिजे गं." मी म्हटलं, "हो." मग तिनं सगळ्या लॅबसाठी खव्याची जिलबी घेतली. सगळ्यांनी खाल्ली. मीही खाल्ली, आणि ती चांगली होती.

निघताना

शेवटच्या दिवशी सरांनी प्रमाणपत्र दिलं, आणि आमच्या तालुक्यासाठी नमुने ठेवायच्या बाटल्या, हातमोजे, सीलची लाख असं एक खोकं दिलं. मी खरंच कृतज्ञ आहे. ते खोकं मी गाडीत मांडीवरून खाली ठेवलं नाही.

काकू मला देवघरात घेऊन गेल्या आणि दार लोटलं.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"विचारा ना."

"तू ते प्रतिभाला वाचवायला बोलली ना? म्हशीचं वगैरे?"

"नाही काकू! खरंच खूर आहे. प्रतिभानं स्वतः बघितलं."

"अच्छा, अच्छा." त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तिनं तुझी हो ला हो लावली. शहाणी आहे. मी कोणाला सांगत नाही, घाबरू नको. सख्खी बहीण नाही करत बापा इतकं."

"काकू, देवाशपथ..."

"शपथा नको घेऊ लेकी, उगाच पाप लागते."

त्यांनी माझी ओटी भरली. नारळ, तांदूळ, खण. बाहेर वृंदाताईंच्या कडेवर रेवा होती. सोनारानं नवी लाख भरून दिलेला ताईत झबल्याच्या वर, अगदी उघडा झळकत होता.

"आता लपवायचं काहून?" काकू म्हणाल्या. "कोणी विचारलं तर सांगायचं, नकली आहे, मोठ्या लॅबवाल्यांनी पाहून दिलं."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"वाटायचं काय त्यात? वाघाचंच आहे."

मी वाकून नमस्कार केला. प्रतिभा स्कूटर काढत होती, गुणगुणत. त्या घरात वाघही राहिला होता आणि सूनही राहिली होती. वर काकूंना एक रंजना मिळाली होती, मैत्रिणीला वाचवायला न कचरता खोटं बोलणारी. तशी मैत्रीण मला कधी मिळाली नाही. प्रतिभाला मिळाली, आणि स्टेशनपर्यंत मी तिच्या मागे बसून त्याचाही हेवा करत गेले.